चित्रातलं जास्तीचं आभाळ

१

सभागृहाच्या आगीची टेप जागेवर नव्हती. तिच्या डावीकडची होती, उजवीकडची होती. मधे एका टेपेपुरती फट होती आणि त्या फटीत धूळसुद्धा बसलेली नव्हती.

"मी स्वतः ठेवली होती गं," आत्या म्हणाल्या. जुन्या टेपांची खोली त्यांच्याकडे होती आणि अख्खे वृत्तकेंद्र त्यांना आत्या म्हणत असे. "रुंद पडद्याच्या कामाला नेली, परत आली, ठेवली. आता बघते तर ही अशी."

"किल्ली?" मापबाईंनी विचारले.

आत्यांनी दाराशेजारच्या खिळ्याकडे बघितले आणि मान खाली घातली. त्या आठवड्यात प्रत्येकाला प्रत्येक टेप हवी होती. सारखे उठबस करून गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी किल्ली खिळ्याला लावून ठेवली होती. हे त्यांनी पुढे दोन वेळा सांगितले, कुणी विचारले नसताना.

मापबाई प्रसारण विभागाच्या अभियंत्या. अंदाजाने बोलायचे नाही ही त्यांची सवय, म्हणून हे नाव पडले होते. कुणी "थोडंसं डावीकडे" म्हटले तर त्या "थोडंसं म्हणजे किती" असे विचारत, आणि समोरच्याला उगाच आपण खोटे बोललो असे वाटे.

केंद्र नुकतेच रुंद पडद्यावर आणि एचडीवर गेले होते. नवे टेबल, नवे दिवे, नवे कॅमेरे. नव्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावरचा एकेक खड्डा दिसतो हे कळल्यावर बातम्या वाचणारे म्हणाले होते की आता लोक आधी माझ्या कांजिण्या वाचतील आणि मग बातम्या. पहिल्या रुंद बातमीपत्रात केंद्राच्या जुन्या, गाजलेल्या बातम्यांची एक चित्रफीत दाखवली होती. त्यात ती आग होती. निवेदनही जुनेच: बाजूच्या दाराला कुलूप होते, किल्ली रखवालदाराच्या खिशात होती, माणसे आत अडकली.

तो रखवालदार आता बाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

चौकशीत त्यालाच जबाबदार धरले होते. नोकरी गेली, पुढे बरीच वर्षे कुणी दारात उभे केले नाही. शेवटी एका मुख्याध्यापिकेने शाळेच्या फाटकावर ठेवले. मुले त्याला ओळखत, तो मुलांना. मग ते रुंद बातमीपत्र झाले आणि पालकांनी त्याला पडद्यावर बघितले. शाळेने त्याला घरी थांबायला सांगितले होते. सोमवारी शाळेची समिती बसणार होती.

"मला मूळ चित्र बघायचंय," तो मापबाईंना म्हणाला. "कुलूप मी सकाळीच काढलं होतं. दाराबाहेर काहीतरी होतं. तेव्हापासून हेच सांगतोय. तुमच्या माणसांनी बाहेरून चित्र काढलंय, त्यात दिसेल ना?"

वृत्तसंपादकांनी, म्हणजे साहेबांनी, मापबाईंना गुपचूप शोध घ्यायला सांगितले होते. टेप सोमवारच्या आत मिळाली पाहिजे, आणि बोभाटा नको.

मापबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. टेप आज कुणाला नको झाली, हा नव्हे. इतकी वर्षे ती कुणालाच नकोशी का झाली नव्हती?

२

मूळ टेप नव्हती, पण दाखवलेली चित्रफीत होती. ती बघायला मापबाई रूपांतराच्या खोलीत गेल्या. जुनी, जवळजवळ चौकोनी चित्रे इथे नव्या रुंद चौकटीत बसवली जात.

मशीनवर छोटी होती. तिशी ओलांडली तरी तिचे नाव छोटीच राहिले होते, कारण या इमारतीत ती पहिल्यांदा आली ती शाळेच्या दप्तरासकट, वडिलांचे काम संपायची वाट बघायला. तिचे वडील इथे दिवे लावायचे. त्यांना सगळे उजेडकाका म्हणत, आणि काम चुकले की "आज काय उजेड पाडलात" हा विनोद ठरलेला. ते वारल्याला काही वर्षे झाली होती. छोटी आता केंद्रातली सगळ्यात चांगली संकलक होती.

तिने आगीचा तुकडा लावला. रस्त्यापलीकडून घेतलेले चित्र. धूर, छप्पर, वरची खिडकी, बाजूचे दार. दाराचा वरचाच भाग दिसत होता.

"आभाळ फार आहे," मापबाई म्हणाल्या.

"हो, आपले कॅमेऱ्याचे मास्तरही ओरडले त्यावरून," छोटी म्हणाली. "घाई होती ताई. जो यायचा तो या खुर्चीत बसायचा. साहेब बसले, मास्तर बसले, मीही बसले. मशीन काही कोणाचं नाव लिहून ठेवत नाही."

मापबाईंनी बाकीचे तुकडे बघितले. पूर, संप, पुलाचे उद्घाटन. चौकोनी चित्र रुंद चौकटीत भरायचे तर त्याची चौथाई उंची कापावी लागते. मशीन ती निम्मी वरून आणि निम्मी खालून कापते. तसे ठरवून मापबाईंनीच ते लावले होते. पुराचे चित्र तसेच कापलेले होते, संपाचे तसेच, पुलाचेही तसेच.

आगीचे तसे नव्हते. त्यात वरून काहीच गेले नव्हते. रिकामे आभाळ पूर्ण होते. कापले होते ते सगळे खालून.

म्हणजे कुणीतरी हाताने चौकट वर सरकवली होती. आणि आभाळ बघायला कुणी चौकट सरकवत नाही.

३

मास्तर कॅमेऱ्यांच्या खोलीत भिंग पुसत बसले होते. आगीचे चित्र त्यांनीच घेतले होते. त्या दिवशी केंद्राची तीन माणसे बक्षीस समारंभाची बातमी करायला तिथे गेली होती: कॅमेऱ्याला मास्तर, दिव्यांना उजेडकाका, आणि तेव्हा वार्ताहर असलेले साहेब.

मापबाईंनी विचारायच्या आधीच मास्तर आभाळावर घसरले. त्यांची अशी चौकट कुणी या जन्मात बघितली नव्हती आणि आता त्यांच्या नावावर दाखवली होती. जुनी चित्रे कापूच नका, मूळ आहेत तशी मधे ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ देत, म्हणून ते साहेबांशी भांडले होते. साहेबांचे म्हणणे, माणसाने एवढा मोठा टीव्ही घ्यायचा आणि आपण त्याला काळ्या पट्ट्या दाखवायच्या का?

"तुमच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात पूर्ण चित्र दिसायचं?" मापबाईंनी विचारले.

"कडेपासून कडेपर्यंत. घरच्या डब्यांत कडा जायच्या. इथल्या जुन्या मॉनिटरांतही जायच्या."

ते खरे होते. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राची चारही बाजूंची एक पट्टी चौकटीमागे लपत असे. ती कुणालाच दिसत नसे, म्हणून कुणाला तिची आठवणही नसे. नव्या सपाट पडद्यावर मात्र सगळे दिसते.

"मग खाली काय होतं?"

मास्तरांचा हात थांबला. ते म्हणाले की त्यांचे लक्ष धुरावर होते. मग भिंगाकडेच बघत ते म्हणाले, "माणसं आत होती, बाई. मी कॅमेरा खाली ठेवून धावायला हवं होतं. मी चौकट नीट करत होतो. तुम्ही खाली काय होतं विचारता. मी तिथं बघितलंच नाही, कारण तिथं बघितलं असतं तर जावं लागलं असतं."

मापबाईंनी मग सामानाबद्दल विचारले. ते कुठे ठेवले होते?

कॅमेरा खांद्यावर होता. दिवे आत लावले होते. दिव्यांची रिकामी पत्र्याची पेटी उजेडकाकांनी कुठेतरी बाहेर ठेवली असावी, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. आगीत दिवे गेले, पेटी तेवढी परत आली. गाडीत चढवताना मास्तरांचा हात भाजला होता. तिच्या एका अंगाचा रंग फुगून आला होता.

"मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, दिव्याला टेकली होती. मी म्हटलं असेल."

रिकामी पेटी बाहेर, आणि दिवे आत. मग बाहेरची पेटी दिव्याला टेकली कशी, हे मास्तरांना तेव्हा सुचले नव्हते. आत्ता, बोलता बोलता, सुचले. त्यांनी मापबाईंकडे बघितले आणि भिंग खाली ठेवले.

४

साहेबांनी दार लावून घेतले. त्यांचा पहिला प्रश्न होता की हे किती वरपर्यंत जाणार. दुसरा, मास्तर काय म्हणाले.

मापबाईंनी दोन्ही प्रश्न बाजूला सारले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. चौकशी व्हायच्या कितीतरी आधी, आग चालू असतानाच, कुलूप हा शब्द साहेबांनी माइकवर उच्चारला होता. नंतर तोच शब्द वर्तमानपत्रांत गेला, लोकांच्या तोंडी गेला, साक्षीदारांनीही तोच वापरला. आतल्या अंधारात कुणाला कुलूप दिसणार होते? अग्निशमनवाले पोचले तेव्हा तर दार उघडे होते. म्हणून मग ठरले की रखवालदाराने घाबरून उशिरा उघडले.

"तो शब्द तुम्हाला कुणी दिला?"

साहेब खिडकीकडे वळले.

"आपल्याच माणसानं. उजेडकाका त्या बाजूनं धावत आले. खोकत होते. म्हणाले, दाराला कुलूप आहे. मी माइक चालू केला." ते थांबले. "बाई, ते दार माझ्यापासून पन्नास पावलांवर होतं. मी कुलूप बघायला गेलो नाही. नंतर जेव्हा जेव्हा त्या माणसाचं नाव आलं, तेव्हा मी स्वतःला सांगितलं, चौकशी झाली ना, त्यांनी बघितलं असेल. आणि त्यांनी माझी बातमी बघितली होती."

मापबाई जिन्यात आल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पेटी कुठे होती ते कळले होते: बाहेर, त्या दारालाच टेकून. कुणी ठेवली तेही कळले होते. पण उजेडकाका नव्हते. मेलेला माणूस खिळ्यावरची किल्ली काढून टेप नेत नाही.

त्यांना आता कोण, ते माहीत होते. जिना चढून वर जायची मात्र इच्छा होत नव्हती.

५

रूपांतराच्या खोलीत दुपारचे ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून छोटी खिडकीला काळा कागद लावत होती. मापबाई खुर्ची ओढून बसल्या.

"मी मोठ्यानं विचार करते. चुकलं तर थांबव."

छोटी हातातला कागद तसाच धरून उभी राहिली.

"चौकट सरकवली गेली ती चित्रफीत दाखवायच्या आधी. तेव्हा रखवालदार आलेला नव्हता, कुणी काही मागितलं नव्हतं. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला कुणी घाबरवलं नव्हतं. त्याला ते चित्रातच दिसलं. आणि आत्ताच दिसलं, कारण आधी माहीत असतं तर टेप कधीच नाहीशी झाली असती. साहेबांना ते दिसलं असतं तर त्यांनी ती बातमीच यादीतून काढली असती, तो अधिकार त्यांचा होता. उलट तीच बातमी घ्या म्हणून ते हटून बसले होते. मास्तरांना कॅमेऱ्यात तेव्हाच दिसू शकत होतं. शिवाय पूर्ण चित्र दाखवा म्हणून तेच भांडत होते. लपवणारा असं भांडत नाही. आत्या या मशीनला हात लावत नाहीत."

"मी तेव्हा शाळेत होते ताई," छोटी म्हणाली. "माझा काय संबंध?"

"तुझा संबंध नाही. तुझ्या बाबांचा आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होते. ती दोनदा खोकली आणि बंद पडली.

"मला एवढंच कळत नाही," मापबाई म्हणाल्या, "पेटी अगदी तळाच्या पट्टीत असणार. नाहीतर जुन्या टीव्हींवर लोकांना ती तेव्हाच दिसली असती. मग मशीननं आपोआप कापलं असतं तरी ती गेलीच असती. तुला काहीच करावं लागलं नसतं. तू हात लावला नसतास तर ते चित्र पुरासारखं, संपासारखं दिसलं असतं. मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं."

छोटीने कागद टेबलावर ठेवला. ती इतक्या हळू बोलली की मापबाईंना पुढे वाकावे लागले.

"मला माहीत होतं. मशीनचं गणित मला पाठ आहे. पण कापायच्या आधी पूर्ण चित्र समोर होतं, एवढ्या मोठ्या पडद्यावर. पेटीच्या कडीला निळी चिंधी बांधलेली. ती आईनं बांधली होती, दुसऱ्याची पेटी उचलून आणू नये म्हणून. मी ती बघितली आणि मला ती दारापासून दूर ढकलावीशी वाटली. जितकी लांब जाईल तितकी. मी सरकवत राहिले. वर सरकायला जागाच उरली नाही, तेव्हा थांबले."

तिने खणातून टेप काढून दिली. पुसली नव्हती, मोडली नव्हती.

"का ठेवलीस?"

उत्तर म्हणून छोटीने टेप लावली आणि सुरुवातीला नेली. आगीच्या आधीचा भाग, कधीच न दाखवलेला. कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखवायचा म्हणून दिव्याच्या माणसाने समोर कोरा कागद धरायचा असतो. उजेडकाका कागद धरून उभे होते. मास्तर मागून काहीतरी बोलले असावेत, कारण कागद हलला आणि त्याच्यावरून एक हसरा चेहरा डोकावला.

"बाबा हलताना दिसतात असं आमच्याकडे दुसरं काही नाही," छोटी म्हणाली. "टेप पुसायची तर हेही पुसावं लागलं असतं." तिने चित्र थांबवले. "ते कुठेही गेले, कुणाच्या लग्नाला गेले, तरी आधी हॉलला फेरी मारून यायचे. दारांमागे बघायचे. आम्ही हसायचो. आई म्हणायची, तुझ्या बापाला चोर दिसतात."

मापबाईंनी चित्र पुढे सरकवून आगीचा भाग लावला. पूर्ण चौकट. तळाशी दार, दाराला आडवी टेकलेली पत्र्याची पेटी. दार बाहेर उघडणारे होते. मग चित्र तुटले. मास्तर जागा बदलायला गेले असणार. पुढच्या तुकड्यात दार सताड उघडे होते, धूर बाहेर येत होता, आणि पेटी नव्हती.

"ही टेप साहेबांकडे मी नेली, तर सापडली असं होईल," मापबाई म्हणाल्या. "तू नेलीस तर तू दिलीस असं होईल. सोमवार उद्यावर आलाय."

छोटीने टेप काढली, डबीत घातली आणि डबी छातीशी धरून खाली गेली.

६

त्याच संध्याकाळी साहेब स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले. बऱ्याच वर्षांनी बसले होते, आणि नव्या कॅमेऱ्यात त्यांच्या कपाळावरचा घाम स्पष्ट दिसत होता. दाराला कुलूप नव्हते, ते म्हणाले. दार आमच्या सामानाने अडले होते. कुलूप हा शब्द मी न बघता वापरला. चित्र न कापता दाखवले. उजेडकाकांचे नाव घ्यावे की नाही यावर वाद झाला तेव्हा छोटीने ते निवेदनात स्वतः लिहून दिले होते. घरी आईला तिने दुपारीच सांगितले होते. आई दिवा न लावता बसून राहिली.

समितीवर सोमवारी बसायची वेळच आली नाही. मुख्याध्यापिकेने सकाळी फोन केला आणि रखवालदार फाटकावर उभा राहिला.

शाळा सुटल्यावर तो केंद्रात आला, गणवेशातच. टीव्हीवर बघितलेले त्याला पुरेसे वाटले नव्हते. मापबाईंनी त्याला रूपांतराच्या खोलीत बसवले. मशीनवर छोटी होती. आपण कोण हे तिने आधीच सांगून टाकले. तो फक्त "हं" म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

पहिला तुकडा झाला. दुसरा झाला. तो पुढे झुकला.

"इथं पेटी आहे. इथं नाही. मधे कोणी काढली?"

"बाबांनीच काढली असणार," छोटी म्हणाली. "पेटी आमच्याकडे परत आली. एका बाजूनं भाजलेली होती. ते धुरात परत गेले असणार. पण नंतर खोटं बोलले. तेही त्यांनीच केलं."

रखवालदार तिच्याकडे बघत नव्हता. त्याने उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला होता.

"मी आत दाराला हा खांदा लावून ढकलत होतो," तो म्हणाला. "सुटतच नव्हतं. आणि एकदम सुटलं. मला वाटलं, माझ्या जोरानं उघडलं. म्हणजे एवढा जोर माझ्यात होता. मग आधीच का नाही लावला? आधी लावला असता तर मागची माणसं..." तो थांबला. "कुलुपाचं लोक बोलायचे, ते खोटं होतं, त्याचं काही वाटायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही."

"तुमचा जोर कमी पडला नव्हता, काका."

"नाही ना?"

"नाही. पेटी जड होती. पत्र्याची होती."

मापबाईंना पेटीचे वजन माहीत नव्हते. रिकामी पेटी एकटीने दार अडवणार नाही; ती कशात तरी, पायरीत किंवा कठड्यात, अडकली असणार. हे मोजून सांगता आले असते. त्या काही बोलल्या नाहीत.

छोटीने विचारले, परत लावू का? त्याने नको म्हणून हात केला. टोपी उचलली, पण घातली नाही.

"तुझा बाप," तो म्हणाला, "रात्री झोपायचा का नीट?"

"नाही."

"हं," रखवालदार म्हणाला. "मीही नाही."